कोल्हेबाइके, चहा घ्या

तेरेक-आवुझ
१७ फेब्रुवारी

प्रिय बाइके,

सलाम. तू बरा आहेस ना? वहिनी, मुलं बरी आहेत ना? यापुढं जनावरं सुखरूप आहेत ना असं विचारायची आपली रीत. पण राजधानीत नवव्या मजल्यावर तुझ्याकडे जनावर म्हणजे ती एक काळी गाडी. तीही सुखरूप असो.

पत्र बघून हसशील. थोरल्या भावाला, आपल्या बाइकेला, पत्र लिहायला मी काय शाळेतली पोर आहे? पण हल्ली फोनला कान फुटलेत म्हणतात, म्हणून मिनीबसवाल्या बेकतूरच्या हाती देते आहे. सोबत जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी आहे, तुला आवडतो तसा, बियांतला गर घातलेला. बरणी तेवढी परत पाठव, आईच्या वेळची आहे.

इथलं म्हणशील, तर मी कामावर रुजू झाले. घरी बसून करणार काय? शाळेच्या स्वयंपाकघरातली चूल कोळशाची, त्यामुळं सगळी शाळा या ना त्या निमित्तानं माझ्याकडेच येऊन बसते. वर्गात पोरं कोट-टोप्या घालून असतात. मास्तर फळ्यावर लिहितात तेही हातमोजे घालून. स्फोटानंतर बॉयलरघराची एकच भिंत उभी राहिली आहे. मी तिकडून जात नाही, वळसा पडला तरी नदीकडून जाते. आमची नूरझादा मात्र मुद्दाम तिथूनच जाते. "माझा बाप तिथं कामावर असताना गेलाय, मी का लपूनछपून जाऊ?" म्हणते. सोळाव्या वर्षी माणूस असंच बोलतं.

सुयुनचे बूट अजून दाराशी आहेत. नवरा गेल्यावर ते उचलून कुणाला तरी द्यायचे असतात हे मला कळतं. देईन.

देशभर जे चाललंय ते मी तुला काय सांगणार, तू तर धुरळ्याच्या मधोमध बसलेला. इथं लोक दुकानात जाऊन आधी त्या रेकॉर्डिंगवर बोलतात, मग पाव मागतात. उपमंत्र्याचा आवाज शेंबडं पोरही ओळखेल. "बॉयलर नवा होता. पाइप नवे होते. चालवणारा पिऊन होता. एवढंच लिहा. मेलेला माणूस काय उठून सांगायला येणार आहे?" किती शांतपणे म्हणतो, आणि तोंडात घास आहे तो ऐकू येतो. मग वाट्या वाजतात. मग एक बाई म्हणते, "कोल्हेबाइके, चहा घ्या." तिथं रेकॉर्डिंग एकदम उडी मारतं आणि पुढं पुन्हा उपमंत्रीच, "झालं तर मग. दुवा करा, उठू या."

एवढंच. आणि एवढ्यातून देशाला कोण हवाय? उपमंत्री नव्हे. तो छातीत कळ आली म्हणून इस्पितळात जाऊन पडला, त्याचं भागलं. देशाला हवाय कोल्हा. कोल्हा कोण, आणि त्या उडीत कोल्हा काय बोलला? टीव्हीवर एक चष्मेवाला सांगत होता, हे टोळीतलं सांकेतिक नाव आहे. दुसरा म्हणाला, परक्या देशाचा हस्तक. बाजारात कुणीतरी कोल्ह्याच्या कातड्याची टोपी घालून गेला तर पोरांनी त्याची हुर्यो उडवली. मोठी माणसं टीव्हीवर बसून किती वेडपटासारखं बोलू शकतात, हे पाहिलं की मला आमच्या बालवाडीतली पोरं शहाणी वाटतात.

आणि पोरांनी त्याचं गाणं केलंय! ढोलाचा ठोका, त्यावर उपमंत्र्याचं "मेलेला माणूस", मग ती बाई "कोल्हेबाइके, कोल्हेबाइके, चहा घ्या, चहा घ्या". मग सगळे कोल्हेकुई करतात. राजधानीत लग्नांतसुद्धा वाजतं म्हणे. परवा नूरझादानं ते घरात लावलं. मी पीठ मळत होते. मी ओरडले, "बंद कर ते! हे काय गाणं आहे? कोल्ह्याची शेपटी दारात अडकलीय!" आणि माझ्याच कानांवर माझा विश्वास बसेना. आवाज माझा, पण शब्द सगळे बाबांचे.

आठवतं ना तुला? तू सतराचा, सुयुन सतराचा, आणि मी तुमच्यामागं लोढण्यासारखी. कोठीत रेडिओसमोर माइक धरून तुम्ही परदेशी गाणी टेप करायचा, श्वास रोखून. मेंढी ओरडली की मेंढीही गाण्यात. सुयुनच्या गिटारला टेलिफोनची तार होती, आणि तू दुधाची बादली उपडी घालून बडवायचास. बाबा घोड्यांच्या कळपावरून यायचे, कोमुझ मांडीवर घेऊन दोन तारा छेडल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत. त्यांना तुमचं ते संगीत! "माझ्या घोडीनं असा आवाज काढला असता तर पोटात जंत झाले म्हणून तिला औषध पाजलं असतं." आईचं मत थोडं निराळं होतं. "शब्द कळत नाहीत ते बरंच आहे. पण बादली चांगली वाजवतो माझा मुलगा, कणीक मळायला हात चालतो." तिला खरंच तुमच्या ठोक्यावर मळताना मी पाहिलंय.

मग बाबा एकदा चाबूक घेऊन कोठीच्या दारात उभे राहिले. "ही पेटी कुणी आणली?" टेपरेकॉर्डर संस्कृतिभवनातला, तूच खिडकीतून काढून आणलेला. तू म्हणालास, "सुयुननं." सुयुननं तुझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली, आणि गुपचूप बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी तू त्याला स्वतःची लोकरीची टोपी देऊन टाकलीस. नंतर आपण तिघं त्यावर किती हसायचो. सुयुन तर पाहुण्यांना रंगवून सांगायचा.

तेव्हापासून बाबा तुला रागावले की "कोल्ह्या" म्हणायचे. पुढं आपल्या धाकट्या जेनिशचं लग्न झालं, ऊलकान सून म्हणून घरात आली. आता सुनेनं थोरल्या दिराचं नाव काही तोंडातून काढायचं नाही. आईनं तिला कोठीची गोष्ट सांगितली आणि तिनं तुला नाव दिलं. तू किती खूश झाला होतास! म्हणालास, बाबा द्यायचे ती शिवी, ऊलकानच्या तोंडी मान झाली.

बाकी मी काही लिहीत नाही. आपल्या गल्लीत प्रत्येकानं ती हाक पंचवीस वर्षं ऐकलेली आहे. आणि गल्ली गप्प आहे.

सुयुनचा चाळिसावा दिवस आठ मार्चला येतो. तू येशीलच.

तुझी धाकटी बहीण,
बुरुल


तेरेक-आवुझ
२५ फेब्रुवारी

प्रिय बाइके,

सलाम. सगळे बरे असतील अशी आशा करते.

बरणी मिळाली. धुऊन पुसून, झाकण घट्ट लावून. रिकामी.

मी ती उलटी करून पाहिली. बेकतूर म्हणाला, "तुझ्या भावानं काही निरोप नाही दिला, घाईत होते." घाईत असशील. पण आपल्याकडे रिकामं भांडं कुणी परत पाठवत नाही, मूठभर साखर तरी घालतात, नाहीतर दोन खडे मीठ. आईनं हे तुला मला एकदमच शिकवलं होतं. वहिनी विसरली असेल असं मी नूरझादाला सांगितलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हो का?" एवढंच.

गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी उभी असते. आत दोन माणसं, सूर्यफुलाच्या बिया चघळत बसलेली. साली बर्फावर थुंकतात, त्याचा काळा ढीग झालाय. रेकॉर्डिंग कुठं झालं ती जागा त्यांना ठाऊक आहे हे उघडच आहे. सुयुनच्या सातव्या दिवसाचं जेवण होतं, उपमंत्री समाचाराला आला, तू त्याला शेजारी आपल्या जुन्या घरात, ऊलकानकडे, ऊबेला नेऊन बसवलंस. पण चहा आणि तळलेले बोरसोक द्यायला त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायका आत-बाहेर करत होत्या. चहा ओतणाऱ्या बाईच्या तोंडाकडे कोण बघतो? तेवढं एक त्यांना कळत नाहीये.

म्हणून ते दारोदार फिरतात. फोनवर ती हाक वाजवतात आणि विचारतात, "हा आवाज कुणाचा?" तुरसुन आजीनं त्यांना आत बसवून घेतलं, तीन वेळा ऐकलं आणि म्हणाली, "बाळांनो, मला सगळ्या सुना सारख्याच वाटतात. चहा पाणचट करतात." पलीकडच्या लोहारानं विचारलं, "कोल्हा हवाय का? मग इथं काय करताय? वर डोंगरात जा, बंदूक घेऊन जा." त्या दोघांना आपल्या पहाडी लोकांच्या मूर्खपणाची कीव आली असावी. पण हसणारे चेहरे नव्हते ते, बाइके. जाताना त्यांनी लोहाराच्या दाराचा फोटो काढून नेला.

ऊलकान बोलायची थांबली आहे. गळ्याला गरम फडकं बांधून फिरते, घसा बसलाय म्हणते, म्हणजे तेही म्हणत नाही, हातानं दाखवते. दुकानात बोटानं पाव दाखवते. जेनिशचा रशियातून फोन आला तर नुसती हं हं करते. तुला ठाऊक आहे, ती बाई कामाला लागली की आपोआप गुणगुणायची. आता त्या घरातून भांड्यांचा तेवढा आवाज येतो. मला त्या शांततेची भीती वाटते.

तुला एक सांगते, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही. टीव्हीवर पुन्हा सांगितलं की सुयुन पिऊन होता. चौकशीचा अहवाल आला म्हणे. आता अहवालावर कुणाची सही आहे ते मी विचारलं नाही. सुयुननं आमच्या लग्नाआधीच दारू सोडली. आमच्या लग्नातसुद्धा एवढा गोड चेहरा करून ताक प्यायला होता की तूच चिडवलं होतंस, आमचा मेव्हणा वासरासारखा पितो म्हणून. हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

आणि जनाज्याच्या नमाजाआधी मोल्दोंनी, आपल्या गावच्या मौलवींनी, रीतीप्रमाणं जमलेल्यांना विचारलं होतं, "हा माणूस कसा होता?" मी बायकांबरोबर आत होते, तंबूच्या कापडाला कान लावून. सगळे म्हणाले, "चांगला माणूस होता." त्यात तुझा आवाज सगळ्यांत मोठा होता. मला केवढा आधार वाटला. म्हटलं, माझा भाऊ पुढच्या रांगेत आहे.

डिसेंबरमध्ये सुयुन तुला फोन करायचा तेव्हा मी शेजारी भाज्या चिरत असायची. दाबाचा काटा अडकतो, नव्या रंगाखाली जुनेच पाइप आहेत, वरून पोपडे सुटायला लागलेत. तू म्हणायचास, "उन्हाळ्यापर्यंत ओढ, सुयुन, माझी मान अडकली आहे." तो फोन ठेवून मला म्हणायचा, "अडचणीत आहे बिचारा." तुझ्याबद्दल वाकडं बोललेलं त्याला खपायचं नाही. मीसुद्धा कधी बोलले नाही.

माझं एकच मागणं आहे. उपमंत्र्याला त्या खोलीत कुणाला चहा दिला गेला ते माहीत आहे. म्हणजे आज ना उद्या तो तुला विचारणार, तुला कोल्हा कोण म्हणतं? विचारलंही असेल. बाइके, काहीही सांग. म्हण, आई म्हणायची. मेलेल्या माणसावर ढकलायची सोय आपल्याकडे आहेच. पण त्या बाईचं नाव सांगू नकोस. तिच्या मागं तीन पोरं आहेत आणि नवरा परमुलखात टॅक्सी चालवतो.

बरणी पुन्हा पाठवते आहे. या वेळी तूप आहे.

तुझी बहीण,
बुरुल


तेरेक-आवुझ
४ मार्च

आयदाराली,

नावानं हाक मारली म्हणून दचकू नकोस. थोरल्याला नुसत्या नावानं हाक मारली तर आईनं माझ्या तोंडावर फडकं मारलं असतं. पण आई नाही, आणि मला आज दुसरं काही लिहवत नाही.

काल सकाळी ते आले. पांढरी गाडी आणि मागं आणखी एक. ते तुरसुन आजीच्या दाराशी थांबले नाहीत, लोहाराच्या नाही, माझ्याही नाही. सरळ आपल्या जुन्या घरापाशी आले. फोन काढला नाही, आवाज वाजवला नाही. पुढच्यानं टोपीसुद्धा काढली, आणि ऊलकानला अगदी मायेनं विचारलं, "थोरल्या दिराला काय म्हणून हाक मारता, वहिनी?"

मी शेजारी माझ्या अंगणात बर्फ लोटत होते. फावडं तिथंच टाकून धावले. सगळी गल्ली दारांत आली होती. ऊलकानचे हात पिठानं भरलेले. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग गळ्याचं फडकं सोडलं. आता कशाला बांधायचं? ते म्हणाले, रेकॉर्डिंग बनावट आहे, ते तुम्ही बनवलंत, चला. आणि एकानं कागद पुढं केला. "त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं, लिहा. तुमच्या दिराचं नाव लिहा, आत्ता घरी सोडतो."

ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "आमच्यात नाव घेत नाहीत."

तो हसला. म्हणाला, "अहो, हे काय लग्न आहे का? लिहून द्या, बोलू नका." तिनं मान हलवली. हात धुवायला पाणी मागितलं, तेही देऊ दिलं नाही. पिठाच्या हातांनीच गाडीत बसली. तिची धाकटी माझ्या कमरेला मिठी मारून उभी होती. काल गेलेली ती अजून आलेली नाही. जिल्ह्याच्या कचेरीत सांगतात, इथं आणलीच नाही.

पंचवीस वर्षांत तिनं तुझं नाव घेतलं नाही. त्या गाडीत बसतानाही घेतलं नाही. तू मात्र तिचं घेतलंस.

घेतलंस ना? मी काल दिवसभर दुसरा कुणी सापडतो का ते शोधत होते. गल्लीतल्या एकेका घराशी मनातल्या मनात जाऊन उभी राहिले. पण ज्यांना सांगायचं असतं त्यांनी दोन आठवड्यांपूर्वीच सांगितलं असतं. हे नाव राजधानीतून खाली उतरलं आहे. आणि तुपाची बरणी तर परतही आली नाही.

आता मी ज्याच्यापासून दोन पत्रं पळत होते ते लिहिते. रेकॉर्डिंग मधेच उडी मारतं ना? सगळा देश विचारतो ना, तिथं काय होतं? ती उडी मी मारायला लावली.

सातव्या दिवशी, तुमची गाडी गेल्यावर, ऊलकान मागच्या दारानं माझ्याकडे आली. एप्रनच्या खिशात तिचा फोन. म्हणाली, "चहाचा समोवार घेऊन पहिल्यांदा आत गेले तेव्हाच सुयुनभाऊंचं नाव ऐकलं, आणि कसं कोण जाणे, बोट दाबलं गेलं." आम्ही दोघींनी आणि नूरझादानं गोठ्यात बसून ते ऐकलं. बाहेर अंगणात पाहुणे अजून जेवत होते. उपमंत्री बोलला. मग ऊलकान म्हणाली, कोल्हेबाइके, चहा घ्या. मग तू घोट घेतलास. चहा ओढून पितोस ना तू, बाबांसारखा, तो आवाज. आणि मग म्हणालास,

"सुयुन प्यायचाच. सगळ्या गावाला माहीत आहे. माझं त्यांच्या घरात येणं-जाणं आहे, मी सही देतो."

घरात येणं-जाणं आहे! बाहेर अंगणात मी तुझ्यासाठी बोरसोक तळत होते तेव्हा.

नूरझादा म्हणाली, आहे तसं पाठवू. मी नाही म्हटलं. मी तिच्या पाया पडायची बाकी राहिले. म्हटलं, मामा आहे तुझा, आई-बाबांचा थोरला, त्याच्या तोंडाला काळं लागलं तर टेकडीवरच्या कबरीत दोघांना झोप यायची नाही. तिनं रडत रडत तेवढं वाक्य कापलं. उपमंत्र्याचं ठेवलं, तुझं कापलं. आणि ती हाक आम्हाला कुणालाच खटकली नाही. कशी खटकणार? आमच्या कानांना ते नाव म्हणजे पंचवीस वर्षांचं चहापाणी. तुला वाचवताना आम्ही ऊलकानला उघडी टाकली, हे आम्हा तिघींपैकी एकीलाही कळलं नाही. राजधानीतल्या एका बातमीदार मुलीला ते मीच पाठवलं. तिनं फक्त आवाज मागितला, नाव नाही.

म्हणजे जो कोल्हा सगळा देश शोधतोय, त्याला झाकून ठेवणारी बाई मी होते. तुला वाटलं असेल, नशीब बलवत्तर, नेमकी तिथंच टेप खराब झाली.

काल नूरझादानं मला शांतपणे एक प्रश्न विचारला. "आई, त्या टेपरेकॉर्डरच्या गोष्टीत शेवटी काय झालं?" मी म्हटलं, आजोबांनी तुझ्या बाबांना हाकललं, आणि आम्ही खूप हसलो. ती म्हणाली, "ते नाही. पुढं काय झालं?" आणि मला उत्तर देता देता समजलं की ही गोष्ट मी आजवर कधी शेवटपर्यंत सांगितलीच नव्हती. बाबांनी पेटी परत नेऊन दिली आणि चोर म्हणून सुयुनचं नाव सांगितलं. त्या उन्हाळ्यात राजधानीच्या तंत्रशाळेत गावातून एकाच मुलाला पाठवायचं होतं, आणि गणितात पहिला सुयुन होता. चोराला कोण पाठवतो? तू गेलास. तू इंजिनियर होऊन बॉयलरांवर सह्या करायला लागलास, आणि तो त्याच बॉयलरांत कोळसा लोटायला लागला. आणि आम्ही हसत होतो. तोही हसायचा. तुझी लोकरीची टोपी त्यानं विरेपर्यंत घातली.

बाबा चुकले होते असं मला आज वाटतं. त्यांना वाटायचं, त्या गोंगाटानं मुलगा वाया जाईल. गोंगाटात काही नव्हतं रे. बादली चांगलीच वाजवायचास तू. वाया जायचं ते तू त्या दारात, एका शब्दात गेलास, आणि बाबा चाबूक घेऊन भलत्याच मुलाकडे वळले.

आता ऐक. आठ तारखेला चाळिसावा आहे. तुमच्याकडे त्या दिवशी बायकांना फुलं देतात, सुट्टी असते, रस्ते मोकळे असतील. ये. ते म्हणतात रेकॉर्डिंग बनावट आहे, म्हणून ऊलकानला धरलंय. त्या खोलीत बसलेल्यांपैकी एकानं लोकांसमोर "खरं आहे" म्हटलं, तर तिला धरून ठेवायला त्यांच्याकडे काही उरत नाही. त्या खोलीतला आमचा माणूस तू एकटा होतास.

मी मोल्दोंकडे गेले होते. म्हटलं, चाळिसाव्याला पुन्हा विचारा. ते म्हणाले, "बाई, तो प्रश्न एकदाच विचारतात, जनाज्याला. पुन्हा विचारायची रीत नाही." मी म्हटलं, जनाज्यानंतर या माणसाबद्दल नवीन काही बोललं गेलंय, तेव्हा पुन्हा विचारणं भाग आहे. म्हाताऱ्यानं दाढी कुरवाळली. मग म्हणाला, "विचारतो. पुढची जबाबदारी उत्तर देणाऱ्याची."

तर ते विचारतील, "हा माणूस कसा होता?" सगळी गल्ली अंगणात असेल. लोहार असेल, तुरसुन आजी असेल, ऊलकानची तिन्ही पोरं असतील. पांढऱ्या गाडीतलेही असतील, असू देत. गल्ली आधी उत्तर देणार नाही. मी सगळ्यांना तसं सांगितलंय. गल्ली तुझ्यासाठी थांबेल.

तू आला नाहीस, किंवा येऊन गप्प राहिलास, तर मोल्दोंच्या प्रश्नाला उत्तर नूरझादा देईल. कापलेलं वाक्य तिच्याकडे आहे. आणि आता फक्त तिच्याकडे नाही, त्यामुळं कुणाला पाठवून इथं शोधाशोध करू नकोस, पोरीला हात लावायचा विचारही मनात आणू नकोस. तिनं लग्नातला मोठा लाउडस्पीकर मागवून ठेवलाय. बाबांना तो आवाज सहन झाला नसता.

सुयुनचे बूट मी आज उचलले. पुसून, तेल लावून ठेवलेत. चाळिसाव्याला ते देऊन टाकायचे असतात. तुझ्या मापाचे आहेत. तुम्ही दोघं एकमेकांचे बूट घालायचा.

या वेळी बरणी पाठवत नाही.

सुयुनची बायको